आज पंप बंद आहे
"मावशी, ऊठ आता. अंथरूण गुंडाळ. घरी जायचंय."

मावशीने डोळे न उघडताच विचारलं, "का गं? शाळेनं हाकललं की काय?"

"पंप बंद केलाय. आता हादरे नाहीत."

शाळेच्या सभागृहात उतारावरची अख्खी आळी पसरलेली होती. गाद्या, बादल्या, पोरं, म्हातारे, शिंप्याने पिशवीत घालून आणलेलं मांजरसुद्धा. ताई एकेकाला हलवून उठवत होती आणि लोक कुरकुरत का होईना, उठत होते. तिचं खरं आडनाव बँकेत नोंदलेलं असेल तेवढंच. गावाने तिला हादरेताई करून टाकलं होतं आणि तिच्या तोंडावर तसंच म्हणत होतं.

कामच तसलं होतं तिचं. डोंगराच्या पोटात खोलवर खडक तापलेला आहे. त्यात दाबाने पाणी घुसवायचं, खडकाला भेगा पाडायच्या, वाफ वर आणायची आणि तिच्यावर वीज करायची, असा सरकारी निधीवरचा संशोधन प्रकल्प गावाच्या उशाशी येऊन बसला होता. पंप चालला की जमीन थरथरायची. म्हणून पंप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रकल्पाच्या वतीने ताई दारोदार फिरून सांगायची, "उद्यापासून हादरे. घाबरू नका. उतारावरच्यांनी शाळेत या." उतारावरची घरं जुनी, भिंतींना तडे गेलेले. ताई या म्हणाली की ते यायचे आणि जा म्हणाली की जायचे. प्रकल्पाच्या साहेबलोकांवर गावाचा काडीचाही विश्वास नव्हता. ताईची गोष्ट वेगळी. तिने आधी दवाखान्यात नोकरी केली होती आणि निम्म्या गावाला सुया टोचून रडवलं होतं. ती आपली होती.

काल संध्याकाळी साहेबांनी तिला घाईघाईने बोलावून घेतलं होतं. राजधानीहून समिती यायची होती. समिती खूश झाली तर दुसऱ्या टप्प्याचा निधी मिळणार, नाहीतर सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा.

"ताई, सादरीकरण शाळेच्याच सभागृहात ठेवलंय," साहेब म्हणाले. "तिथं गाद्या आणि म्हाताऱ्या दिसल्या, की निधीवर पाणी सोडायचं. त्यात ऐन भाषणात जमीन हलली तर बघायलाच नको. पंप आत्ता बंद करतोय. सकाळी सगळ्यांना घरी पाठवा."

कोपऱ्यात मोजणीवाला बसला होता. जमिनीची थरथर पडद्यावर बघत बसणारा, हडकुळा, तोंडात मूग धरून असणारा माणूस. तो म्हणाला, "सर, असा एकदम बंद नको. दाब हळूहळू उतरवू. आठवडाभर तरी घेऊ."

"समिती आठवड्याने येणार आहे का? ती उद्या येतेय. आणि बंद पंपानं कधी कुणाचं काय बिघडवलंय?"

ताईलाही ते पटलं. पंपाने हादरे येतात, पंप बंद तर हादरे बंद. यात न कळण्यासारखं काय होतं? तरी बाहेर पडताना तिने मोजणीवाल्याला गाठलंच.

"एकदम बंद केला तर काय होतं हो?"

"बहुतेक काही नाही." तो जरा घुटमळला. "आत घातलेलं पाणी आतच राहतं ना, ताई. ते आपलं पसरत जातं. एखाद्या मोठ्या, जुन्या भेगेपर्यंत पोचलं, तर..." तेवढ्यात आतून त्याला हाक आली आणि तो गेला.

ते 'बहुतेक' रात्रभर तिच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं. पण दुसऱ्या टप्प्यात उतारावरच्या लोकांना खाली सपाटीवर नवी घरं मिळायची होती. साहेबांच्या मागे हात धुऊन लागून ते कलम तिनेच घालून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मावशीसाठीच. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. तडे गेलेल्या घरात ती एकटी राहते, या विचाराने ताईच्या घशाखाली घास उतरत नसे. निधी मिळाला की हा घोर एकदाचा संपणार होता.

मावशीची गादी खांद्यावर टाकून ताई उतार चढू लागली. मावशी मागून काठी टेकत बडबडत होती. शाळेतले डास हत्तीएवढे होते आणि शिंप्याच्या घोरण्याने तिचं एक वर्षाचं आयुष्य कमी झालं होतं. घराचं दार उघडल्यावर मात्र ती फळीवरच्या बश्यांकडे बघत राहिली.

"बश्या वाजत नाहीत गं आज."

"मग चांगलंच आहे की."

"कसलं चांगलं. रोज घरी डोकावायला आले की मेल्या किणकिण करायच्या, तेव्हा कळायचं तरी काय चाललंय. आज कसं, खोड्या करणारं पोर एकाएकी गप्प झालं की आपल्या पोटात गोळा येतो ना, तसं वाटतंय." तिने दाराबाहेरच्या पायरीवर बसकण मारली. "मी इथंच बसते बाई. आत नको."

"मावशी, समितीच्या गाड्या याच रस्त्यानं जाणार. तू बाहेर अंथरूण टाकून बसलीस तर साहेब माझं डोकं खातील. आत जा, पंखा लाव आणि मस्त झोप काढ."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू म्हणतेस म्हणून जाते हो. त्या तुझ्या साहेबाला मी काडीची किंमत देत नाही."

ताईने गादी अंथरून दिली, उशी थोपटली आणि दार ओढून घेतलं. उतरताना वाटेत बाकीच्यांनाही तिने आतच पिटाळलं.

सभागृह झाडून लख्ख केलं होतं. समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, बोलायला मायाळू. त्यांनी मुद्दाम ताईला जवळ बोलावलं.

"लोकांना भीती वाटते का हो?"

"सुरुवातीला वाटायची. आता सांगितलेलं ऐकतात."

"आज कुठे आहेत सगळे?"

"आपापल्या घरी," ताई म्हणाली, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

बाई हसल्या. "काम चांगलं चाललंय. आम्ही अनुकूलच लिहू."

ताईच्या जिवात जीव आला. सपाटीवरच्या घरात मावशीची खाट खिडकीशी ठेवायची की भिंतीशी, इथपर्यंत ती मनाने जाऊनही पोचली. एवढ्यात कोणीतरी तिचा दंड धरला. मोजणीवाला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, उतारावरचे लोक इथं दिसत नाहीत."

"घरी पाठवले ना. पंप बंद आहे."

"सगळे?" त्याने तिला दाराकडे ढकललं. "पंप बंद असूनही पडद्यावर थरथर वाढतेय. त्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

ती दारापर्यंत पोचली आणि पायाखालची फरशी कोणीतरी ओढून घेतल्यासारखी गेली. हे नेहमीचं थरथरणं नव्हतं. डोंगर आतून गुरगुरला, खिडक्या फुटल्या, अध्यक्षबाई टेबलाखाली गेल्या. सभागृह नवं होतं, ते उभं राहिलं.

उतारावर नुसती धूळ होती. ताई धावत पोचली तेव्हा मावशीचं घर खाली बसलं होतं. शिंपी आणि आणखी दोघं हातांनी विटा उपसत होते. ताईही उपसू लागली. तिला जागा करून द्यायला शिंपी बाजूला सरकला. मावशी गादीवरच सापडली, कुशीवर वळलेली. ताईने तिचं मनगट धरलं. नाडी नाही हे तिला लगेच कळलं, तरी तिने कितीतरी वेळ हात सोडला नाही.

फोन वाजला. साहेब होते. "ताई, झालं ते झालं. आता काही होणार नाही म्हणून लोकांना सांगा. गाड्या निघेपर्यंत रस्त्यावर गर्दी नको, त्यांना घरात पाठवा."

तिने फोन बंद केला.

आळीतली उरलेली माणसं भोवती जमली होती. कोणी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण पलीकडच्या घरातली बेकरीवाली, धुळीने माखलेलं पोर कडेवर घेऊन, नेहमीच्याच भरवशाने पुढे आली.

"ताई, आता आत जायचं का?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," ताई म्हणाली. "आणि उद्या मी जा म्हटलं, तरी जाऊ नका."