नळीतला छर्रा

वडिलांच्या मागे, रस्त्याच्या वळणावरचं त्यांचं गॅरेज थोरल्या लेकीने सांभाळलं. गिऱ्हाइकं तिला पानाताई म्हणत, कारण हातात पाना नसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती.

त्या सकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा आपली एटीव्ही, ती चार जाड चाकांची उघडी गाडी, ढकलत घेऊन आला. दगडाच्या खाणीवर तो मुकादम होता आणि तिथल्या चढउतारावर दिवसभर याच जुन्या गाडीवर फिरायचा. एरवी त्याच्या जिभेला हाड नसे. आज ओठ पांढरे पडले होते.

“ताई, काल खाणीच्या कडेवर मरता मरता वाचलो. मागचा ब्रेक दगडासारखा घट्ट, पण गाडी थांबायचं नाव नाही.”

“पाहुणे, हा ब्रेक कंपनीचा नाही वाटतं?”

“आधीच्या मालकाने ड्रम काढून हा डिस्कचा सेट बसवलाय. काहीही करा, पण संध्याकाळी गाडी द्या. बायको दुपारी येईल तुमच्याकडे, तिला वेळेत पाठवा. ती जास्त वेळ बाहेर राहिली की माझं डोकं फिरतं.” बोलता बोलता तो हसला. पानाताईला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

तिने चाकं काढली. डिस्कवर चर पडले होते, पॅड झिजून लोखंडाला लागले होते, डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या कॅलिपरमधले पिस्टन गंजून बसले होते. तिने सगळं घासूनपुसून काढलं, नवे सील घातले, नवे पॅड बसवले. जोडून पेडल दाबलं, तर पेडल जागचं हललं नाही आणि चाक मात्र भिंगरीसारखं फिरत राहिलं. म्हणजे तेल कॅलिपरपर्यंत पोचतच नव्हतं. तिने ब्रेकच्या तेलाच्या नळीचा बोल्ट उघडला. आत तोंडाशी बेअरिंगचा एक छर्रा, पोलादी गोळी, ठोकून बसवला होता. आजूबाजूला सगळा गंज, आणि छर्रा आरशासारखा नवा.

तिने तो काढून टेबलावर ठेवला. ही युक्ती वडिलांची. कॅलिपर गळायला लागला, तर नळीत छर्रा घालायचा आणि पुढच्या ब्रेकवर हळूहळू घर गाठायचं. ती त्यांनी फक्त दोघी लेकींना शिकवली होती.

दुपारी धाकटी आली. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचे कपडे. टेबलावरचा छर्रा दिसताच ती दारातच थबकली.

“तू घातलास?”

 धाकटीने एक बाही वर केली. दंडावर काळीनिळी बोटं उमटली होती.

“ताई, होता तिथे परत बसव. तुझ्या पाया पडते.”

“तो मेला तर तू सुटशील? आयुष्यभर रोज मरशील. बस सीटवर.”

“कशाला?”

“नळीतली हवा काढायचीय. मी सांगेन तसं पेडल दाब.”

धाकटी बसली. पानाताई खाली वाकून स्क्रू सैल करत होती. “दाब. धरून ठेव. सोड. पुन्हा दाब.” वरून धाकटीची आसवं टाकीवर पडत होती, पण पाय चुकत नव्हता. हळूहळू बुडबुडे थांबले आणि स्वच्छ तेल आलं. चाक घट्ट धरलं गेलं.

“आता तू घरी जायचं नाहीस,” पानाताई म्हणाली. तिने मामाला फोन केला. मामाचा ट्रक होता, निघतोच म्हणाला.

पण आधी पोचला तो नवरा. त्याने गाडी पळवून पाहिली, दाराशी येऊन करकचून थांबवली. “वा! काय झालं होतं?”

“पिस्टन गंजले होते.”

तेवढ्यात त्याची नजर टेबलावर गेली. त्याने छर्रा उचलला, बोटांत फिरवला. “हा नवा दिसतोय.” बायकोने झटकन मान खाली घातली, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

“चल घरी.”

“ती इथेच राहील,” पानाताई मध्ये उभी राहिली.

वाटलं, आता हात उचलेल. त्याने छर्रा खिशात टाकला आणि शांतपणे म्हणाला, “राहू दे की. आता ब्रेक झकास झालेत. कुठेही येऊन थांबता येईल मला.”

तो गेला. पानाताईने लगेच शटर ओढलं. दोघी आत बसून राहिल्या. बाहेर त्या गाडीचा आवाज यायचा, दारापाशी थांबायचा, पुन्हा दूर जायचा.

अंधार पडायच्या आत मामा आला. दोघी ट्रकमध्ये चढल्या. टेकडीचा उतार लागल्यावर पानाताईने आरशात पाहिलं. मागे दोन दिवे येत होते. मामाने वळणावर ट्रक थांबवला, दिवेही थांबले. ट्रक निघाला, तसे तेही निघाले. पुढच्या उतारावर पुन्हा तेच.

“कोण आहे गं?” मामाने विचारलं.

धाकटीने ताईचा हात धरला. मागची गाडी त्या उतारावर अजिबात न घसरता जागच्या जागी उभी होती. पानाताईच्या हातचं काम होतं, चुकणार कसं?

“मामा,” पानाताई म्हणाली, “तुझ्या घरी नको. आधी पोलीस चौकीवर घे.”