केसाएवढी फट

परातीएवढा स्फटिक, पाण्यासारखा नितळ.

साय धरलेला चहा.

टाकीच्या आत उणे ऐंशी अंश.

नागापूरच्या एमआयडीसीत मे महिन्याचा तापलेला पत्रा.

टक्.

आवाज टाकीतून आला आणि धनश्री ताडकन उठली.

दूर परदेशातल्या एका डोंगरावर अवाढव्य दुर्बीण आहे. ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडून पाहणारं यंत्र तिच्यासाठी पुण्यात घडत होतं, आणि त्यातल्या स्फटिकाच्या भिंगाचं कडं धनश्रीनं आखलं होतं. असलं यंत्र गार ठेवावं लागतं, नाहीतर त्याच्याच उबेत ताऱ्याचा क्षीण उजेड बुडून जातो. गारठ्यात धातू स्फटिकापेक्षा जास्त आकसतो. म्हणून दोघांच्या मध्ये केसाएवढी फट. ती कमी पडली, तर कडं भिंगाचा गळा आवळणार. आणि असं दुसरं भिंग नव्हतं.

कडं आसिफभाईंनी लेथवर कातलं होतं, भिंग कड्यात बसवून पारखायची गारठ्याची टाकीही त्यांच्याच शेडमध्ये. त्यांनी बॅटरी उचलली. "उघडून बघू. टाकी आहे ताई, बाळंतिणीची खोली नाही."

धनश्रीनं हात आडवा घातला. बाहेरची ऊन हवा आत शिरली, तर धड भिंगही तडकेल. आधी टाकी मुंगीच्या पावलानं उबेवर आणायची, त्याला दोन दिवस. पुण्याहून तिच्या वरिष्ठांनी, वैजनाथसरांनीही फोनवर तेच सांगितलं, वर विचारलं, फटीचा हिशेब नीट काढला होता ना. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला तो आकडाच आठवेना.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं हिशेब मांडला. बरोबर आला. पुन्हा मांडला.

बरोबर.

भीती मात्र वाढतच गेली. चूक सापडली असती, तर निदान कशाला भ्यायचं ते तरी कळलं असतं.

आसिफभाईंनी बॅटरी खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "भिंगासाठी थांबलाय, की स्वतःसाठी?"

"दोन्हींसाठी," ती म्हणाली, आणि टाकीकडे पाठ करून बसली.

दोन दिवसांनी उघडून पाहिलं, तर टाकीत फक्त कड्याची एक स्प्रिंग सरकली होती, टक् आवाज तिचाच. भिंग कडेला, कुणाच्या नजरेस न पडेल असं, तडकलं होतं ते आदल्या रविवारी, सावेडीला, गार गाडीतून घरात आणलेली भिंगाची पेटी तिनं आईला दाखवायला उघडली तेव्हा.