धुमेची कणीक

संजनाने काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि जुना दातांचा ब्रश पाण्यात गोल गोल फिरवला. हिरवं शेवाळ सुताच्या लडीसारखं ब्रशला गुंडाळत आलं. तिने ते बादलीत झटकलं आणि पुन्हा हात घातला.

"कालच काढलं होतंस ना?" बूट घालता घालता तिच्या नवऱ्याने, हर्षदने, दारातून विचारलं.

"कालच."

"मग?"

"मग आज पुन्हा."

हर्षद नाडी बांधून उभा राहिला. कंपनीच्या बसला अजून वेळ होता, म्हणून बोलायचं ते त्याने आत्ताच बोलून टाकलं. "कळंबला माझ्या मित्राच्या रिसॉर्टवर विचारलंय मी. त्यांना दर्शनी खोलीत ठेवायला टाकी हवीच आहे. सप्ताह संपेल त्या काल्याच्या दिवशी अक्षय टेंपो घेऊन येईल, मग त्याला पुढे तिकडेच जायचंय."

संजनाने मान वळवली. टाकीसमोरच्या खुर्चीत तिचे सासरे, गोमाबुवा, बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. नजर काचेवर. काचेत हिरव्या धुक्याशिवाय दिसण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"त्यांना तरी काय दिसतंय आता?" हर्षदचा आवाज खाली आला. "विहिरीच्या भिंतीकडे बघत बसल्यासारखं वाटतं गं. मलाच बघवत नाही."

तो गेल्यावर संजनाने बादली मोरीत रिकामी केली.

खालापूर-कर्जत पट्ट्यात कुठेही सप्ताह बसला, की गेली चाळीस वर्षं पखवाजावर गोमाबुवा असत. मोठमोठे कीर्तनकार गादीवर उभे राहण्याआधी डावीकडे बघून घेत. गोमाबुवा मान हलवत, मगच 'रामकृष्ण हरी' सुरू होई. गेल्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. जिभेने थोडीफार साथ दिली, पाय काठीच्या आधाराने उठला, पण उजवा हात उठला नाही. तेव्हापासून बुवा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. जेवायला उठवलं की उठायचे, जेवून पुन्हा भिंत.

संजना शिळफाट्याला औषधांच्या दुकानात कामाला. जवळच रंगीत माशांचं दुकान होतं. एका संध्याकाळी ती ही छोटी टाकी, मूठभर गप्पी मासे आणि लांब पात्यांचं पाणगवत घेऊन घरी आली आणि टाकी तिने बुवांच्या भिंतीलाच लावून ठेवली. म्हणजे भिंतीकडे वळले तरी समोर टाकीच. सुरुवातीला बुवांनी डोळे मिटून घेतले. मग एका सकाळी ते उठून बसलेले दिसले. मग त्यांनी खुर्ची मागितली. मग माशांचं खाणं. डाव्या हाताची चिमूट, रोज सकाळी. त्या चिमटीपायी ते आंघोळ लवकर उरकायला लागले.

टाकी गेली की पुन्हा भिंत. हे संजनाने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आणि शेवाळ तर हटत नव्हतं. दुकानदाराने सांगितलं होतं, की प्रकाश जास्त होतो नाहीतर खाणं जास्त होतं, दोन्हींतलं एक असणारच. दिवा ठरल्या वेळी आपोआप बंद होत होता. खिडकीला तिने पडदा लावला होता. खाण्याची डबी ती स्वतः भरत होती आणि ती मोजकीच रिकामी होत होती. मग हे हिरवं पोसत होतं कशावर?

गावात सप्ताह बसून तीन-चार दिवस झाले होते. देवळावरच्या भोंग्यातून दुपारचं भजन घरात येत होतं. पखवाज वाजायला लागला, की बुवांचा डावा तळवा खुर्चीच्या हातावरून किंचित उचलला जाई आणि लगेच जबडा आवळला जाई. भजनी मंडळातली माणसं त्यांना न्यायला आली होती. खुर्चीवरून उचलून नेऊ म्हणाली. बुवांनी आपल्या उजव्या हाताकडे एकदा पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग मंडळी कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेला पखवाज तेवढा मागून घेऊन गेली. आता तो अक्षय वाजवत होता. बुवांनीच शिकवलेला, टेंपो चालवणारा, दोन पोरांचा बाप.

संजनाने सुट्टी घेतली होती. तिने तळाचं पाणी ओढायला रबरी नळी लावली. पाणी थोडं आलं आणि थांबलं. नळीत काहीतरी अडकलं होतं. तिने जोरात फुंकर मारली तसा एक पांढरट, बुळबुळीत गोळा बादलीत पडला.

"हे काय आहे?"

तिची सासू सोनुबाई प्रसादाचे तांदूळ निवडत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून वाकली. गोळा तिने दोन बोटांत धरून चुरडला.

"अगं बाई! ही तर माजी कणीक हाय!"

"तुमची?"

"मग कुणाची? आपल्या घरात भाकरी तांदळाची. गव्हाचं पीठ रोज सकाळी इतकुसं भिजवतंय कोण? पखवाजाच्या धुमेला लावायला. डाव्या तोंडाला. लग्न हून आली तवापासून भिजवते मी." ती जरा थांबली. "हात गेल्यावर पण लावायचे गं. वाजवायचे नाय, पण डाव्या हातानं कणीक लावायचे, सांजच्याला पुसून काढायचे."

"पण पखवाज तर देवळात गेलाय, आई. चांगले पंधरा दिवस झाले. सरावापासूनच नेलाय ना त्यांनी?"

"गेला ना."

"मग कणीक?"

सोनुबाई पदराशी चाळा करत राहिली. "सकाळी हात पुढं करतात. मी देते. देऊ नको का? बोलले असते, 'पखवाज तर नाय, कशाला मागता', तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला वाटायचं, हातात धरून बसत असतील."

दोघींनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं. गोमाबुवा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"बाबा?"

"धुमेची कणीक," बुवा एकेक शब्द सावरत म्हणाले. "वाया... कशी घालू? देवळाच्या कुंडात... घालतो ना माशांना."

सोनुबाईला आधी हसू आलं आणि मग तिने ते पदराने पुसलं. "ऐकलंस का? ह्यांनी तुज्या पेटीचं कुंड केलं गं! म्हटलं रोज सकाळी तोंड कसं खुलतं ह्यांचं!"

"तू देत... होतीस," बुवा म्हणाले. "नको कसं... म्हणू?"

संजना बादलीतल्या त्या गोळ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं बरोबर राहिलेली ही दोन माणसं रोज सकाळी एकमेकांना सांभाळत होती आणि त्याचा हिरवा ढीग तिच्या टाकीत साठत होता.

तिने तळ स्वच्छ ओढून घेतला. ताजं पाणी घातलं. मग बुवांसमोर खाली बसली.

"बाबा, अजून एक उपाय आहे. शेवाळाला उजेड लागतो. टाकी पूर्ण झाकायची, तीन दिवस. दिवा नाही, खाणं नाही, पाणी फिरवणारा पंप तेवढा चालू. शेवाळ मरतं, गवत तग धरतं. मासेही राहतात."

"तीन दिवस उपाशी?" सोनुबाई उठून उभीच राहिली. "अगं, सप्ताह चालू हाय! देवळात पंगतीवर पंगती उठताहेत, रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतात, आनि आमच्या घरात मुक्या जीवांना अंधारात उपाशी ठेवायचं?"

"एकादशी समजा आई."

"लागोपाठ तीन? मी पण नाय करत!"

गोमाबुवांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे कळायला दोघींना क्षणभर वेळ लागला. बऱ्याच दिवसांत तो घरात ऐकू आला नव्हता.

"घोंगडी आण," बुवा म्हणाले.

काळी घोंगडी दुहेरी करून संजनाने टाकीवर चारी बाजूंनी ओढली. कडा खाली खोचल्या. खोलीतला तो कोपरा एकदम मुका झाला.

"कुणी उचलून बघायचं नाही," ती म्हणाली. "एक फट पडली तरी उपयोग नाही. मी दिवसभर दुकानात. पहारा तुमचा, बाबा."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि ज्याचा पहारा असेल तो वेळ संपेपर्यंत जागचा हलत नाही. बुवांनी काठी ओढून घेतली, गुडघ्यांवर आडवी धरली आणि मान हलवली. गादीवरच्या कीर्तनकाराला हलवत तशीच.

त्यांनी पहारा दिला तोही तसाच. चहा जागेवर, जेवण जागेवर. दुपारी सोनुबाई प्रसादाच्या लाह्या मुठीत लपवून घोंगडीपाशी गेली, तर मागून काठी आपटली.

"हं!"

"अवो, एक दाणा फक्त!"

"हं!!"

"असला पहारा माज्या बापानं माहेरी दिला असता, तर आपलं लग्नच झालं नसतं," असं म्हणत सोनुबाईने लाह्या स्वतःच्याच तोंडात टाकल्या.

काल्याच्या दिवशी सकाळी दारात टेंपो थांबला. अक्षय कपाळाला बुक्का लावूनच उतरला. काल्याचं कीर्तन दहाला होतं. त्याआधी टाकी चढवून ठेवायची आणि महाप्रसाद झाला की कळंबची वाट धरायची, असा त्याचा बेत होता. हर्षद घरीच होता.

"रामकृष्ण हरी, काका," अक्षय वाकून पाया पडला. "कुटं हाय ती टाकी? हे काय, घोंगडी पांघरून बसलीय? थंडी वाजते का माशांना?"

"हाय ना," सोनुबाई म्हणाली. "तीन दिवसांचे उपाशी हायत. सप्ताहात!"

"काढ," गोमाबुवा संजनाला म्हणाले.

तिने घोंगडीचं टोक धरलं. हर्षद बाजूला उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. घोंगडी ओढली.

शेवाळ पूर्ण गेलं नव्हतं. मागच्या काचेवर, दगडांच्या कडेला त्याचे पिवळट, मेलेले तंतू सुटून लोंबत होते. पण पाणी पारदर्शक झालं होतं. गवताची पाती थोडी फिकी पडली होती, तरी सरळ उभी होती. मधल्या बुंध्यातून नखाएवढं एक नवं पान वर आलं होतं. उजेड पडताच गप्पी बिचकून मागे गेले, मग एकेक करत पुढे आले आणि बुवांच्या समोरच्या काचेला भिडले.

हर्षद खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ही न्यायची?" अक्षयने विचारलं. "ह्याच्यात तर बाग हाय की रं."

"राहू दे," हर्षद म्हणाला. "मी फोन करतो त्याला."

संजनाने घोंगडीची घडी घातली. ती नीट येईना, म्हणून पुन्हा घातली.

अक्षय निघायला वळला आणि घुटमळला. "काका, एक विचारू का? रागवू नका. धुम बोलतच नाय. सात दिवस झाले, नुसती ठप् ठप्. महाराज पण काल माज्याकडं बघत व्हते."

"माहीत... आहे."

"तुमाला कसं?"

बुवांनी हनुवटीने भोंग्याच्या दिशेला खूण केली.

"मग बोलला का नाय काका इतक्या दिवसांत?"

"विचारलंस... का?"

अक्षय डोकं खाजवायला लागला. हर्षदला हसू आवरेना.

"कणीक... कुठली?" बुवांनी विचारलं.

"तिथलीच. मंडपातली. आचारी पुऱ्यांना मळतात ना, त्यातलाच गोळा घेतो."

बुवांचे डोळे मोठे झाले. त्यांनी सरळ व्हायचा प्रयत्न केला. "पुऱ्यांची? तेल... मीठ... घातलेली?"

"हां."

"मीठ!" बुवा ओरडले. शब्द वाकडा न होता स्पष्ट निघाला. "धुमेला... मीठ! अरे गाढवा!"

आणि डावा हात त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने पुढे केला. रोज सकाळी करत तसाच. कणकेचं सगळं उघड झालं त्या दिवसापासून मात्र तो हात पुढे झाला नव्हता.

सोनुबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती, वर ओलं फडकं झाकलेलं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "सवय हाय," ती पुटपुटली. "हात आपोआप भिजवतो."

बुवांनी गोळा घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला. त्यांचा हात बघून सगळे मासे काचेच्या त्या बाजूला धावले. बुवांनी मूठ मिटली.

"टोपी दे," ते म्हणाले.

टेंपोत पुढच्या सीटवर त्यांना बसवताना हर्षद आणि अक्षय दोघांनाही घाम फुटला. मूठ उघडा म्हटलं तरी बुवा उघडेनात, त्यामुळे त्यांना धरायला एकच बाजू उरली. टेंपो हळूहळू देवळाच्या वळणाला लागला.

घरात संजनाने माशांच्या खाण्याची डबी उचलली. झाकण उघडणार तोच थांबली आणि डबी पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवली. मासे थोडे थांबू शकत होते.

"चल गं आटप, काला सुरू हुईल," सोनुबाई आरशासमोर कुंकू लावत म्हणाली.

भोंग्यात खरखर झाली. टाळांचा किणकिणाट झाला, मग पखवाजाचे दोन कोरडे ठोके. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी भोंग्यावर खाकरलं. आणि मग एक ठोका आला. खोल, गोल, आडात घागर बुडावी तसा.

सोनुबाईचं बोट कपाळावरच थांबलं.

"लागली," ती म्हणाली, आणि चपला शोधायला लागली.