मायचा जबाब

शिवकुमारला त्याच्या मायचा राग होता. माय गेल्या मार्चात मातीआड झाली, पण राग काही तिच्यासोबत गेला नाही.

अठरा वर्षांपूर्वी त्याला तलाठ्याची नोकरी लागल्यातच जमा होती. राखीव जागा होती, पुनम पाळण्यात होती आणि जात पडताळणी तेवढी राहिली होती. चौकशीचं पथक रेणापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी यायचं होतं, म्हणून त्यानं मायला चार दिवस पढवलं. कुणी विचारलं तर आपण हिंदू मातंग, पुढं एक शब्द बोलायचा नाही. मायनं, नीलाबाईनं, मान हलवली. पथक आलं, तिनं बाज टाकली, पाणी दिलं आणि सांगून मोकळी झाली, "आमी ख्रिस्ती हाय, साहेब. ह्यो पोटात होता तवापासून."

झालं. बाप्तिस्मा घेतला की माणसाची अनुसूचित जात राहत नाही, असं कायद्याचं म्हणणं. शिवकुमारनं अर्ज मागे घेतला, रेणापूरला गॅरेजात पाना हातात धरला आणि चर्चची पायरी सोडली ती कायमची. मायशी तो वर्षभर बोलला नाही. बोलायला लागला तोही भांडायलाच.

गावाला मात्र हा कायदा कुणी सांगितला नव्हता. शेजारच्या ज्ञानोबा शेतकऱ्याच्या ओसरीवर नीलाबाईला चहा मिळायचा तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात, बाप्तिस्म्याआधीही आणि नंतरही. जात कागदावरून गेली, कपातून गेली नाही. हे आठवलं की शिवकुमारचं टाळकं सरकायचं. "लोकांनी आपली जात सोडली न्हाई, मंग तू कशाला सोडली?" असं तो मायवर ओरडायचा. ती चुलीतली राख ओढत म्हणायची, "म्या कुठं सोडली? म्या फकस्त खोटं बोलले न्हाई."

आणि आता पुनमला नांदेडला नर्सिंगची राखीव जागा मिळाली होती. पुन्हा तीच पडताळणी, पुन्हा तेच पथक.

या वेळी तयारी पक्की होती. त्याच्या बायकोनं, सिंधूनं, भिंतीवरचा क्रूस काढून गोधडीत गुंडाळला आणि उसना आणलेला खंडोबाचा फोटो टांगला. खुद्द ज्ञानोबा साक्षीला आला. "पक्के मांग हायत साहेब, पिढ्यान्‌पिढ्या," असं तो छाती ठोकून म्हणाला. त्याच्या तोंडून जात ऐकून शिवकुमारला उभ्या जन्मात पहिल्यांदा बरं वाटायला हवं होतं. त्याचे दात आवळले गेले. "धर्म?" पथकाच्या साहेबांनी विचारलं. "हिंदू," तो म्हणाला. आवाज जराही हलला नाही.

सगळं लिहून झालं, सही तेवढी राहिली. दुपार टळून गेली होती. साहेब वयस्कर, भला माणूस. सिंधूनं जेवूनच जा म्हणून गळ घातली, तेव्हा ते आढेवेढे न घेता पाटावर बसले. भाकरी, पिठलं, ठेचा. पुनमनं ताटं मांडली. ज्ञानोबा पोट भरलंय म्हणून दारातच बसून राहिला.

ताट पुढ्यात आलं आणि शिवकुमारची मान खाली गेली. डोळे मिटले, हात जुळले, ओठ हलले. चर्च सोडून अठरा वर्षं झाली होती, पण हे कधी सुटलंच नव्हतं, आणि सुटलं नाही हे त्याला ठाऊकही नव्हतं. लहानपणी नीलाबाई मानेवर तळवा ठेवून त्याचं डोकं ताटावर लववायची. "आधी देणाऱ्याला, मंग तोंडाला," म्हणायची. तीन वर्षांच्या पोराला काय कळतं? मानेला मात्र कळलं होतं.

त्यानं डोळे उघडले तर सगळे त्याच्याकडेच बघत होते. सिंधूच्या हातातली पळी तशीच. साहेबांनी घास खाली ठेवला होता.

"खंडोबाला हात जोडत होतात ना?" साहेब हळूच म्हणाले. "तसंच असणार. मी काही पाहिलं नाही."

होकाराचं एक 'हाव' पुरेसं होतं. लेकीची जागा त्या एका शब्दावर होती. शिवकुमारला साहेबांच्या भलेपणाचा संताप आला, ज्ञानोबाचा आला, मेलेल्या बाईचा तर इतका आला की कानशिलं तापली. हाव म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"न्हाई," तो म्हणाला. "येशूची प्रार्थना हाय. मायनं शिकवली. ती ख्रिस्ती होती अन् मीबी हाय. आन हे लिव्हताना हेबी लिव्हा, की ह्या ज्ञानोबाच्या घरी आमचा कप अजून येगळा हाय."

ज्ञानोबा उठून चालता झाला. साहेबांनी कागद पुढं ओढला. "त्याला रकाना नाही हो," ते म्हणाले, आणि त्यांनी धर्माच्या पुढचा शब्द खोडला.

पथक गेल्यावर पुनम त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आज्जीला वाटलं असेल, खरं बोललं की झालं. तिला कागद कुठं कळत होता? तुम्हाला तर त्याची किंमत माहीत होती, पप्पा. मग कशाला?"

हा प्रश्न शिवकुमारनं मायला कधी शांतपणे विचारलाच नव्हता, नुसता ओरडला होता.

"मलाबी ठाऊक न्हाई, बाई," तो म्हणाला. "पर न्हाई म्हणालो अन् मायचा राग गेला."

"मला येतोय," पुनम म्हणाली. "तुमचा."

तिनं त्याच्यापुढचं न शिवलेलं ताट उचललं आणि ती आत निघून गेली.