पोटगी मागणारी आई

पेरू देशातल्या अरेकिपा शहराच्या बाजारात नेलिडाचा फळांच्या रसाचा गाळा होता. त्या मंगळवारीही सासूबाई नेहमीच्या स्टुलावर येऊन बसल्या. नेलिडाच्या नवऱ्याने, विल्बरने, बायकोमुलीला सोडून तीन वर्षं झाली होती आणि एवढ्या दिवसांत युफ्रासियाबाईंनी सुनेचं तोंडही पाहिलं नव्हतं. गेले चार महिने मात्र रोज सकाळी हजर. पपईचा रस घ्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळायचं आणि नऊ वर्षांच्या यामिलेच्या केसांवरून हात फिरवायचा. एवढा पुळका आला कुठून? नेलिडाच्या मनात पाल चुकचुकत होती.

त्यातच चार महिन्यांपासून पोटगी अर्ध्यावर आली होती. यामिलेला दमा. विल्बरच्या सिमेंट कारखान्यातल्या पगारातून कोर्ट जे कापून देई, त्यावरच तिचं औषध चाले. आता नेलिडा औषधाच्या दोन फवाऱ्यांऐवजी एकच देत होती, आणि पोर खोकत होती. विल्बरने दुसरा संसार थाटला असणार, तिकडेही मूल झालं असणार, अशी नेलिडाची खात्री पटली. दुपारी गाळा बंद करून तिने कोर्ट गाठलं.

कारकुनाने फाईल उघडून सांगितलं, की पोटगीला आणखी एक हक्कदार आला आहे. पगारातून कापायला मर्यादा असते; मागणारे दोन झाले, की आहे त्याचेच दोन वाटे होतात. विल्बरने पहिल्याच तारखेला हरकत न घेता मान्यता दिली होती. हक्कदाराचं नाव नेलिडाने त्याला दोनदा वाचायला लावलं. अर्ज विल्बरच्या आईचा होता.

कारकुनाला नवल वाटलं नाही. त्या कपाटात आयांच्या फायली कमी नव्हत्या. मुलाला बायकोची पोटगी चुकवायची असली, की आई त्याच्यावर दावा लावते आणि मुलगा हसत हसत हरतो.

घरी जाताना नेलिडा संतापाने नुसती धुमसत होती. पण दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. सपाता झिजलेल्या, स्वेटरला कोपरावर ठिगळ. मग पैसा जातो कुठे?

रसाचा पेला पुढे ठेवत तिने विचारलं, "आई, पोटगीचं करता काय तुम्ही?"

म्हातारीचा हात थबकला. तिने नाही म्हटलं नाही. बँकेचं कार्ड विल्बरकडेच असतं, आपण फक्त सही केली, असं ती पुटपुटली.

"पोरीच्या तोंडचं काढायला सही केलीत?"

"तो म्हणाला, तू दुसरा धरलायस. पैसा त्या बाप्याच्या घशात जातो म्हणाला."

"म्हणून रोज इथं येऊन बसता?"

"बघायला येत होते. कोण येतो ते." म्हातारीने मान खाली घातली. "चार महिने बघतेय. कुणी नाही आलं. ही पोर तेवढी खोकते."

नेलिडाला हसावं की रडावं कळेना. आपण जिच्यावर संशय घेत होतो, तीही संशयानेच रोज आपल्या दारात बसत होती. आणि दोघींना एकमेकींवर सोडून तो मात्र निवांत होता.

दुसऱ्या दिवशी युफ्रासियाबाई आपणहून कोर्टात गेल्या. नेलिडा बरोबर गेली. खरं सांगायचं तर, म्हातारी आयत्या वेळी पलटेल या धास्तीने गेली. दावा मागे घेतलात तर मुलाकडून काहीच मिळणार नाही, असं कारकुनाने दोनदा बजावलं. शिवाय तुम्ही राहता मुलाच्याच घरात, याचाही विचार करा, म्हणाला. मग कारण काय लिहू, म्हणून विचारलं.

"लिहा," म्हातारी म्हणाली, "नातीच्या ताटातलं ओढून मी मुलाला भरवलं. आता नाही भरवणार."

बाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. विल्बर आता घरात घेणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. चार महिन्यांचा राग एका सहीने जात नाही. तरी नेलिडाने म्हातारीच्या हातातली पिशवी घेतली.

"चला," ती म्हणाली. "यामिलेच्या खाटेवर जागा आहे. पण पहाटे पाचला उठून पपया सोलाव्या लागतील."

त्या वेळी कोर्टाच्या दारातून आणखी एक म्हातारी आत शिरत होती. तिच्या शेजारी, कोपराला धरून, तिचा मुलगा होता. सही कुठे करायची ते तो तिला समजावत होता.