चार वाजताची खुर्ची

"लेथवरच्या टर्नरच्या आईच्या डाव्या गुडघ्याची सूज आता बरीच उतरलीय," साहेब पहिला घास घेता घेता म्हणाले. "बर्फ लावायला मीच सांगितलं होतं."

समोर बसलेल्या बाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उजव्या गुडघ्याला आठ दिवसांपासून पट्टी होती. पट्टी काही लहानसहान नव्हती. मघाशी भाजीचं भांडं आणताना त्या लंगडल्याही होत्या, खरं सांगायचं तर गरजेपेक्षा थोड्या जास्तच. साहेबांनी भाजी वाढून घेतली आणि ते स्टोअरकीपरच्या मुलीच्या परीक्षेकडे वळले.

साहेब वजनकाट्यांच्या कारखान्यात मॅनेजर होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते कुणाशीच धड बोलत नसत, ना कारखान्यात, ना घरात. त्यामुळे बाईंची काही तक्रार नव्हती. जे कुणालाच मिळत नाही ते आपल्यालाही मिळालं नाही, तर माणूस सुखाने जगतो. पण कारखान्यातल्या लोकांचं कामात मन नाही, असा वरच्या ऑफिसला शोध लागला आणि त्यांनी साहेबांना तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. रोज प्रत्येकाची चौकशी करावी, मधे तोंड न घालता ऐकावं, ज्याचं काम त्यालाच आधी विचारावं आणि चांगल्या कामाचे आभार त्याच दिवशी मानावेत, असं तिथे शिकवलं. साहेब मुळात आज्ञाधारक. त्यांनी एक वही केली आणि सगळं अक्षरशः अमलात आणलं.

पंचाईत अशी की ते लागू पडलं. रजा घटल्या, काटे बिनचूक निघू लागले, ड्रिलवाल्याने आपणहून यंत्राची जागा बदलून दाखवली आणि वेल्डर काम करताना गाऊ लागला. संध्याकाळी साहेब घरी येत ते कान पार झिजवून. घरी ऐकायला त्यांच्याकडे कानच उरत नसत.

"एकेचाळीस सवती आहेत मला," बाई शेजारणीला म्हणाल्या. "त्यातल्या तिसांना मिशा."

शेजारीण हसली. बाई हसल्या नाहीत.

बाई सव्वीस वर्षं घरी बसून लोकांचे कपडे उसवून अंगाबरोबर करून देत आल्या होत्या. साहेबांचा प्रत्येक शर्ट त्यांच्या हातून गेलेला. शर्ट बसलाय छान, असं एकदा वेल्डर साहेबांना म्हणाला. साहेबांनी त्याच दिवशी वेल्डरचे आभार मानले आणि घरी येऊन ते बाईंना कौतुकाने सांगितलंही.

मग कारखान्यात पेटी आली. मनात असेल ते लिहा, नाव नको, असं त्यावर रंगाऱ्याने सुबक अक्षरात लिहिलं होतं. साहेब आठवड्यातून तीनदा डबा विसरत आणि बाई तो पोचवायला जात. अशाच एका दुपारी त्या पेटीपाशी थांबल्या. पिशवीत किराणा लिहायची वही होती. त्यातला कागद फाडून त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं आणि पेटीत टाकलं. गुडघा दुखत असूनही त्या दिवशी त्या घरी भराभर चालत आल्या.

रात्रीच्या जेवणाला साहेबांचा चेहरा उतरलेला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि वाचून दाखवली. "मी इतकी वर्षं काम करतेय. साहेब सगळ्यांची चौकशी करतात. माझं कसं चाललंय, हे मला एकदाही विचारलं नाही."

बाईंनी श्वास रोखून धरला. तेच अक्षर दर महिन्याला साखर, साबण आणि आगपेटीच्या यादीत साहेबांच्या हातात जात होतं.

"कोण असेल गं ही?" साहेब म्हणाले. "अकरा बायका आहेत आमच्याकडे. अकराही जणींशी मी रोज बोलतो."

"असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या. "तुम्ही जेवा."

पण साहेबांना जेवण जाईना. ती बिचारी इतके दिवस मनात कुढत असेल आणि आपल्याला पत्ता नाही, हेच ते घोळवत राहिले. आता बाईंना त्या बिचारीचा हेवा वाटू लागला. आपण स्वतःच ती, हे ठाऊक असूनही वाटू लागला. त्यांच्यासाठी साहेबांचा घास कधी अडला नव्हता.

साहेबांनी अकरा जणींना एकेक करून विचारलं. अकराही जणींनी कानावर हात ठेवले. पॅकिंगमधली थोरली तर रडलीच, म्हणे, साहेब, मी असं लिहीन का हो. मग साहेबांनी आपल्या केबिनमध्ये टेबलासमोर एक खुर्ची मांडली आणि दारावर सूचना लावली. जिने चिठ्ठी लिहिली तिने चार वाजता यावं, आपण पंधरा मिनिटं फक्त ऐकू. चार दिवस कुणी आलं नाही. रोज संध्याकाळी ते बाईंना सांगत, आजही नाही आली.

पाचव्या दिवशी साहेब चष्मा घरी विसरले. बाईंनी केस नीट विंचरले, चांगल्या चपला घातल्या आणि बरोबर चारला त्या केबिनच्या लोखंडी जिन्याच्या बावीस पायऱ्या चढल्या. सूचना पुन्हा एकदा वाचली. आत जाऊन खुर्चीत बसल्या. हात मांडीवर ठेवले.

साहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"अगं, तू होय. तिथे नको बसूस. ती येईल एवढ्यात."

बाई उठल्या. खुर्ची होती तशी सरळ केली.

"चष्मा राहिला होता तुमचा."

"बरं झालं आणलास," साहेब म्हणाले आणि चष्मा लावून दाराकडे बघू लागले.

जिना उतरताना बाई कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. खाली थोरली खोक्यांना पट्ट्या मारत होती. हातातलं काम ठेवून ती जिन्यापाशी आली.

"वहिनी, गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही गं."

"असं कसं काही नाही? बसा इथे."

तिने एक भरलेलं खोकं ओढून दिलं आणि स्वतः समोर बसली. बाईंनी गुडघ्यापासून सुरुवात केली. पुढे गोष्ट गुडघ्यापाशी राहिली नाही. थोरलीने एकदाही मधे तोंड घातलं नाही.

वर केबिनच्या काचेतून साहेब दिसत होते. चष्मा लावलेले, किंचित पुढे वाकलेले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पूर्ण लक्ष देऊन बसलेले.