पांढऱ्या मुठीचा सुरा

गुलबख्तच्या घरात भिंतीवर एक सदरा टांगलेला होता. समोर पोटाशी फाटलेला, वाळून काळ्या झालेल्या रक्ताने ताठ झालेला. तो तिच्या थोरल्याचा, शामुरादचा. गेल्या मोहरमात बाजाराच्या तोंडाशी वरच्या आळीचा ढोल आधी जायचा की पाणगिरणीच्या आळीचा, एवढ्यावरून जुंपली. पाठीवर मारून घ्यायच्या साखळ्या लोकांनी एकमेकांच्या टाळक्यात हाणल्या, आणि त्या धुमश्चक्रीत गिरणीच्या आळीतल्या मिर्झालीने शामुरादच्या पोटात सुरा खुपसला. ज्या महिन्यात कुणावर हत्यार उचलायचं नाही असं बापजाद्यांपासून चालत आलंय, नेमका त्याच महिन्यात! शामुराद पोट धरून गटाराच्या कडेला बसला आणि बसल्या जागीच गेला. मिर्झाली त्याच दुपारी खुर्रमाबाद सोडून दक्षिणेकडे पळाला. पोलिसांनी चौकशी केली, पण गर्दीतल्या कुणाचं तोंड उघडेना.

तेव्हापासून गुलबख्तने तो सदरा धुतला नव्हता आणि धाकट्याला, यारवलीला, एक दिवस सुखाने जेवू दिलं नव्हतं.

यारवली पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, तोंडाने गरीब. घास तोंडाशी नेला की ही सुरू, "जेव बाबा, पोटभर जेव. तुझ्या भावाच्या पोटाला भोक पडलंय, तुझं शाबूत आहे ना!" एकदा तो चिडून ताटावरून उठला, तर हिने डोक्यावरची काळी ओढणी काढून त्याच्या तोंडावर फेकली. "ही घे. बांध डोक्याला आणि बस माझ्यासोबत डाळ निवडत. पुरुष म्हणून बाहेर कशाला हिंडतोस?"

आमच्याकडे बाईने पुरुषाच्या तोंडावर ओढणी फेकली की त्याला जगात तोंड दाखवायला जागा उरत नाही. यारवली पांढराफटक पडला. ओढणीची घडी करून त्याने तिच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "तो येऊ दे तर."

आणि तो येणार, अशी बातमी आली. नव्या मोहरमचा चंद्र दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी कर्बलाई सैफुल्ला, आळीतला सगळ्यांत जाणता म्हातारा, दोन माणसं घेऊन गुलबख्तच्या दारात उभा राहिला.

"गुलबख्त, पोरी, ऐकून घे. मिर्झालीची आई अंथरुणाला खिळली आहे. तिचा नवस आहे, आशुराला, महिन्याच्या दहाव्या दिवशी, पोराने शोकाच्या चिखलात उतरावं. तो येईल, अंगाला चिखल लावील, आईचं तोंड बघेल आणि जाईल. या महिन्यात रक्त नको."

"का? हा महिना गेल्या वर्षी नव्हता होय?"

"चूक झाली त्याच्याकडून."

"चूक?" गुलबख्त उठून उभी राहिली. "भातात मीठ जास्त पडलं तर चूक, कर्बलाई! माझ्या पोराची आतडी गटारात पडली होती. मी माझ्या हातांनी गोळा केली. तिला पोराचं तोंड बघायचंय? मलाही बघायचं होतं. चहा नाही मिळणार इथं. या तुम्ही."

म्हातारा खाली मान घालून गेला. गुलबख्तने पेटी उघडली आणि मेलेल्या नवऱ्याचा सुरा बाहेर काढला. पांढऱ्या शिंगाची मूठ, रुंद पातं, बकरी सोलायचा. तो तिने स्वतः दगडावर घासला आणि यारवलीच्या हातात दिला. खोटं कशाला सांगा, देताना ती जराही कचरली नाही. यारवलीने पात्याकडे न बघताच तो घेतला.

आशुराचं तांबडं फुटलं तेव्हा चौकात खड्डा तयार होता. चाळलेली माती, तीत पाणी आणि बाटल्याच्या बाटल्या गुलाबपाणी. इमाम हुसेनच्या दुःखात माणसं डोक्यापासून पायापर्यंत चिखलात लोळत होती आणि उठून जाळाशी अंग वाळवत होती. सनई रडत होती, ढोल छातीत वाजत होता. चिखलात उतरलेला माणूस वर आला की सख्खी आईही ओळखत नाही, असं आम्ही हसत हसत म्हणतो. गुलबख्तनेही कितीदा म्हटलं असेल.

ती बायकांच्या घोळक्यात होती. डोक्यावर, खांद्यांवर चिखलाची बोटं ओढलेली. नखांनी गाल ओरबाडून ओरबाडून रक्त आलेलं. शेजारची नुसरत तिचे हात धरत होती, "पुरे गं बाई, डोळा फोडून घेशील!" पण हिचं लक्ष त्या आगींकडे. यारवली कधीच चिखलात उतरला होता, कमरेच्या फडक्यात सुरा खोचून. काठाशी दबा धरून बसायचं, गिरणीच्या आळीकडून येणारं प्रत्येक तोंड चिखल लागायच्या आधी बघून घ्यायचं, असं मायलेकांनी ठरवलं होतं.

आणि मिर्झाली आला. तोंडाला फडकं गुंडाळून, एकटाच. काठावर त्याने फडकं सोडलं, सदरा काढला, हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि उडी टाकली. यारवलीने ते तोंड पाहिलं. गुलबख्तला लांबून काहीच दिसलं नाही.

तिला दिसलं ते पुढचं. लाकडांच्या ढिगाजवळ, शेवटच्या जाळापाशी, एक मातीचा माणूस दुसऱ्या मातीच्या माणसाच्या अंगावर धावून गेला. दोघं जाळात पडता पडता राहिले. ठिणग्या उडाल्या. एकाने दुसऱ्याचं डोकं धरून ओंडक्यावर आपटलं, एकदा, परत एकदा. दुसऱ्याने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. दात हाडापर्यंत गेले असतील, कारण चावलेला माणूस गुरासारखा ओरडला. चिखलातून लाल ओघळ फुटले. लोकांना आधी वाटलं, शोकात भान सुटलंय कुणाचं तरी. अशा दिवशी सुटतं. ढोलवाला वाजवतच राहिला.

गुलबख्तने मात्र ओळखलं. नुसरतचा हात झिडकारून ती धावत सुटली. माणसं कोपरांनी बाजूला सारत, एकाला तर चक्क ढकलून पाडत ती पोचली, तेव्हा एकजण खाली उताणा होता आणि दुसरा त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. वरच्याच्या मुठीत सुरा होता. मुठीवरचा चिखल घासून गेला होता आणि खालचं शिंग पांढरं चमकत होतं.

माझा! गुलबख्तच्या काळजात एकदम दिवे लागले म्हणा ना. माझा वर आहे! माझा यारवली! वर्षभराचा जाळ तिच्या घशातून बाहेर पडला.

"मार!" ती किंचाळली. "मार त्याला! बघतोस काय? मार!"

वरच्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चिखलात फक्त दोन डोळ्यांचा पांढरेपणा. खालच्याने हिसडा दिला, वरच्याचा हात खाली आला आणि सुरा खालच्याच्या खांद्यात घुसला. मांस फाटल्याचा आवाज तिला ऐकू आला. वरच्याने पातं उपसलं. रक्ताची चिळकांडी त्याच्या छातीवर उडाली.

"गळ्यात घाल!" गुलबख्त ओरडली. "शामुरादची शपथ आहे तुला, गळ्यात घाल!"

सुरा पुन्हा उठला. तेवढ्यात खालचा ओरडला.

"आई!"

बस्स, एवढंच. तोंडात चिखल, रक्त, आवाज फाटलेला. मरताना कुठला माणूस आईला हाक मारत नाही? मिर्झालीलाही आई होतीच की, अंथरुणाला खिळलेली. पण गुलबख्त ओरडायची थांबली. तिने वरच्याकडे पाहिलं. खांदे यारवलीचे? खालच्याकडे पाहिलं. पाय यारवलीचे? दोन्हीकडे नुसती माती. सुरा माझा, पण हात कुणाचा? अगं बाई, हात कुणाचा?

विचार करायला वेळ कुठला होता! वरच्याला अडवावं तर तोच आपला असला तर, त्याचा सूड गेला. न अडवावं तर... पुढचं तिच्याने मनातसुद्धा म्हणवेना. तिचा हात डोक्याकडे गेला. काळी ओढणी तिने केसांसकट ओढून काढली आणि दोघांच्या मध्ये फेकली.

ओढणी खालच्याच्या गळ्यावर पडली. सुरा ओढणीच्या वीतभर वर येऊन थांबला.

बाईची ओढणी मध्ये पडली की हात थांबवायचा. मग समोर भावाचा मारेकरी असो की आणखी कुणी. ती तुडवून पुढे गेलेला माणूस आमच्यात माणूस राहत नाही. वरच्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण सुरा खाली आला नाही. त्याने तो बाजूला टाकला आणि अंगावरून उतरला. तोवर माणसं धावली. दोघांनी त्याला दंडाला धरलं, तिसऱ्याने विनाकारण त्याच्या कानशिलात भडकावली.

"पाणी आणा!" कर्बलाई सैफुल्ला ओरडला.

कुणीतरी कॅन आणून खालच्याच्या तोंडावर रिकामा केला. माती वाहून गेली. आधी कपाळ दिसलं, मग नाक, मग फुटलेला ओठ.

यारवली होता.

गुलबख्त मटकन खाली बसली. केस मोकळे. मग ती पुढे रांगत गेली आणि दोन्ही तळवे त्याच्या खांद्यावर दाबून धरले. रक्त बोटांमधून वर येतच होतं. झटापटीत सुरा मिर्झालीने हिसकावला होता. उघडं पातं धरूनच हिसकावला असणार, त्याच्या अंगठ्याचं कातडं लोंबत होतं. आणि आपण ओरडत होतो. कुणाला? कुणाला सांगत होतो आपण, गळ्यात घाल म्हणून?

माणसांनी यारवलीला उचलून गाडीत घातलं. ती मागे निघाली तेव्हा मिर्झाली आडवा आला. त्याला धरणाऱ्यांनी त्याला सोडलं होतं. ओढणी पडल्यावर आता त्याला हात लावायची कुणाची टाप होती? त्याने ती चिखलातून उचलली होती. दोन्ही हातांनी पुढे धरली. तिच्यावर त्याचं रक्त होतं आणि यारवलीचंही.

"घे, मावशी."

गुलबख्तने ओढणी हिसकावून घेतली. त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं, पण तोंडात थुंकी नव्हती.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू काय ओरडलीस ते मी ऐकलं. मला कळलं होतं तू कुणाला समजून ओरडतेस ते. सुरा तिथंच टाकला असता मी, पण तो खालून हिसडे देत होता." मग म्हणाला, "यारवलीला मी सांगणार नाही. कुणालाच नाही."

हे मात्र त्या सुऱ्याहून खोल गेलं. शामुरादचा खुनी तिची लाज झाकणार होता!

"मावशी म्हणू नकोस मला," ती म्हणाली. "तुझ्या आईकडे जा आणि काळं कर."

दुपारपर्यंत यारवलीचा खांदा शिवून झाला. सुरा हाडाला लागून सरकला होता, म्हणून हात वाचला. इस्पितळात गर्दी होती म्हणून त्याला घरीच आणलं. नुसरत नवसाचा डाळ-मटणाचा भात ठेवून गेली. जाताना गुलबख्तकडे बघेना. चौकात ती गुलबख्तच्या मागोमाग धावत आली होती. तिनेही ऐकलं होतं.

यारवली अंथरुणावर पडला होता. कानांत अजून माती होती. गुलबख्त ओल्या फडक्याने ती काढत होती.

"आई," तो म्हणाला, "त्याने सुरा हिसकावला तेव्हाच मला कळलं, मी संपलो. मला येत नाही गं ते. तुला माहीत होतं ना, मला येत नाही?"

तिने फडकं पाण्यात बुचकळून पिळलं.

"मग तुझा आवाज आला. कानांत चिखल, शब्द कळेनात. पण आवाज तुझाच. वाटलं, आई आली. आता वाचलो. म्हणून तर हाक मारली." त्याने तिच्याकडे मान वळवली. "काय म्हणत होतीस गं?"

फडकं गुलबख्तच्या हातात तसंच राहिलं. काहीही सांगता आलं असतं. तुलाच हाका मारत होते, असं म्हटलं असतं तर पोराने डोळे मिटून मान्य केलं असतं, आणि गिरणीच्या आळीत एक माणूस जन्मभर तिच्यासाठी तोंड शिवून बसला असता. त्या मेल्याचे उपकार! त्यापेक्षा पोराने तोंडावर थुंकावं, ते बरं.

"मार म्हणत होते," ती म्हणाली. "वरच्याच्या हातात तुझ्या बापाचा सुरा बघितला. मला वाटलं तूच वर आहेस. मार म्हटलं. गळ्यात घाल म्हटलं. शामुरादची शपथ घातली." तिने फडकं खाली ठेवलं. "तुझ्या गळ्यात, बाळा. मी सांगत होते त्याला."

बाहेर गल्लीतून छाती पिटत लोक चालले होते, त्यांचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. यारवलीने शिवलेल्या खांद्याचा हात उचलायचा प्रयत्न केला, कळ आली, दात आवळले. मग दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं घट्ट.

"तो सदरा उतरव," तो म्हणाला.

गुलबख्त उठली. खिळ्यावरून सदरा काढताना रक्ताचे खवले तिच्या पायांवर पडले. तिने तो परातीत टाकला, वर दोघांच्या रक्ताची ओढणी टाकली, आणि नळ सोडून हुंदके देत दोन्ही एकत्र चोळायला लागली.